बक्षीस मोठं, मग गर्दी?

विदर्भातल्या साखरखेर्ड्याच्या पट्ट्यात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, म्हटलं की बैलजोडी, हलका छकडा आणि तो हाकणारा धुरकरी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला. विदर्भात बऱ्याच ठिकाणी निकाल घड्याळावर, सेकंदाच्या अंशावर लागतो.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. परवानगी मिळाल्यापासून बक्षिसं फुगली. सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत २०२३ साली पहिल्या जोडीला थार गाडी होती! अशाने खेळाची ओढ वाढते का?

घोड्यांच्या शर्यतीत मोठ्या बक्षिसाचा हा प्रयोग झाला आहे. अमेरिकेत २०१७ साली पेगासस वर्ल्ड कप सुरू झाला. शर्यतीत उतरायला बारा जागा, प्रत्येकीची किंमत दहा लाख डॉलर. मालकांच्याच पैशातून १ कोटी २० लाखांचं बक्षीस. नवलाई ओसरली आणि २०२० मध्ये ते ३० लाखांवर आलं. २०१७ मध्येच सिडनीत सुरू झालेली एव्हरेस्ट शर्यत मात्र टिकली. तिथेही जागा विकत घ्याव्या लागतात, पण तिला तरुणांची गर्दी लाभली.

आपल्याकडे गर्दी थारच्या आधीपासूनच आहे. मला वाटतं, मोठ्या बक्षिसाने आधी वाढतो तो बैलाचा भाव. ज्याला लाखोंचा बैल परवडत नाही, तो शेतकरी मग जोडी उतरवण्याऐवजी काठावर उभा राहतो. पहिल्या नंबराची गाडी थोडी लहान करून दहाव्या जोडीपर्यंत पैसे पोचवले, तर पुढच्या वर्षी जोड्या जास्त उतरतील.