विनोदाचे बी सणाच्या घरात

मराठी घरात दिवाळीच्या फराळाशेजारी दिवाळी अंक ठेवलेला असतो, आणि तो हाती आला की घरातील निम्मी मंडळी प्रथम विनोदी कथेचे पान शोधतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. विलायतेत नाताळानिमित्त निघणाऱ्या खास अंकांवरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. परंतु तिला मराठी मातीत असे काही मूळ फुटले की, पुढे १९५१ साली मधुकर पाटकर यांनी ‘आवाज’ हा केवळ विनोदाला वाहिलेला दिवाळी अंक सुरू केला आणि तोही घरोघरी गेला. सणाला गोडाइतकेच हसूही लागते, हे वाचकांनी आपल्या पसंतीने सिद्ध केले.

लेखकाची अडचण मात्र निराळीच असते. दिवाळीत वाचावयाची कथा त्याला आषाढ-श्रावणात लिहावी लागते. बाहेर पाऊस कोसळत असतो, आकाशकंदील माळ्यावर धूळ खात पडलेला असतो, आणि याने लिहावयाचे चकलीवर! अशा वेळी पुष्कळजण जुन्याच युक्त्यांकडे वळतात : बिघडलेले लाडू, खर्चाने हैराण झालेला नवरा, दिवाळसणाला आलेला खादाड जावई. या कथा वाईट असतात असे नाही. त्या वाचताना कोणाचाही चेहरा डोळ्यांपुढे येत नाही, एवढेच.

आपल्या वडीलधाऱ्या विनोदकारांनी हे बी कोठून आणले? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या आरंभी, १९०२ साली, विनोदी लेख लिहावयास घेतले आणि पुढे त्या संग्रहाला नाव दिले ‘सुदाम्याचे पोहे’. हे नाव आपणा भाविकांच्या परिचयाचे आहे. द्वारकेच्या वैभवात उभा असलेला सुदामा पोह्यांची पुरचुंडी काखेत लपवितो आणि श्रीकृष्ण ती ओढून घेतो, या प्रसंगी आपण हसतो, आणि त्याच क्षणी डोळे पाणावतात. सणाच्या विनोदाचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही. कोल्हटकरांचा रोख रूढींवर होता. भक्तीवर नव्हता, असे आमचे मत आहे. चिं. वि. जोशी हे बडोद्यास राहणारे पाली भाषेचे पंडित. पण त्यांचे चिमणराव जन्मले ते ग्रंथालयात नव्हे, तर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या माजघरात. द. मा. मिरासदारांच्या कथांतील गाव तर पंढरपूरच्या परिसरात वाढलेल्या माणसालाच दिसावे असे. प्रत्येकाने आपल्या अंगणातलेच उचलले.

मग नंदुरबारच्या लेखकाने काय उचलावे? १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, मावची अशा कितीतरी बोली कानी पडतात, आणि सण तर विचारूच नयेत. लेखक कथा लिहावयास बसतो त्याच श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ नि दागिने घालून देवी सजवितात, रात्र जागवितात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन करतात. तिचे रोट करताना कुळातील पुरुषांच्या गणतीने गहू मोजून घेण्याची चाल अनेक घरांत आहे, आणि तो प्रसाद भाऊबंदांनीच खावयाचा असतो.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. बांधाच्या वादापायी ज्यांनी तीन वर्षे एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, असे दोन भाऊ आहेत. गहू मोजताना धाकट्याच्या घरची माणसे धरावयाची की नाहीत? न धरावीत तर देवीचा कोप, धरावीत तर थोरल्याचा! सुरतेला स्थायिक झालेल्या पुतण्याचे काय? अखेर म्हातारी आई काहीएक न बोलता मूठ भरते आणि सर्वांच्या नावाने सुपात टाकते. संध्याकाळी दोघे भाऊ एकाच पंगतीत पाठीला पाठ लावून बसतात, आणि गंगाफळाची भाजी कोणी कोणाला वाढावयाची यावर पंगत अडून राहते. यात लेखकाने आपल्या पदरचे फारसे घालावे लागत नाही. नेम कडक असतो, माणूस हट्टी असतो, आणि देवी दोघांनाही जुमानीत नाही. त्या ओढाताणीतच हसू आहे.

दुसरे ठिकाण तापीकाठचे सारंगखेडे. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर दूरदूरच्या घोड्यांचा बाजार. घेणारा दात पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, चाल पाहतो. विकणारा दुसरीकडेच लक्ष वेधू पाहतो. घोड्याच्या खोडी काढता काढता दोघांच्याही खोडी उघड्या पडतात. वर दत्तमहाराजांची शपथ घ्यावी की न घ्यावी, या विचारात पडलेला विक्रेता ही तर आयती व्यक्तिरेखा होय.

परंतु येथेच एक जपण्याजोगी गोष्ट आहे. गणपती उंदरावरून पडला तेव्हा चंद्र हसला आणि शाप घेऊन बसला, ही कथा आपण दर चतुर्थीला सांगतो. आपल्या देवांना हास्याचे वावडे नाही. भरतमुनींनी हास्यरसाची देवता म्हणून शिवाच्या प्रमथगणांनाच नेमले आहे. चंद्राला शाप मिळाला तो रूपाच्या गर्वाने पडलेल्यास हसल्याबद्दल. मराठी विनोदात हा चंद्र अधूनमधून उगवतो. कथेत बोलीभाषा बोलणारा माणूस आला की तो गडी किंवा भोळसट असावयाचा, आणि हशा त्याच्या उच्चारांवर पिकवावयाचा!

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीला जो लेखक पाहुणा म्हणून जाईल, त्याची येथे खरी परीक्षा आहे. अंगावर राखेचे नि रंगाचे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला वाजणारे भोपळे नि घुंगरू असे बावा-बुध्या पाहून शहरी माणसाला प्रथम गंमत वाटते. पण तो वेष नवसाचा आहे. ही मंडळी त्या काळात ब्रह्मचर्य पाळतात, खाटेवर निजत नाहीत, कडक नेमाने राहतात. आपल्या घरातील उपवासाची जी प्रतिष्ठा, तीच त्या व्रताची. तेथे हसण्याजोगे कोणी असलेच तर तो बाहेरून आलेला, रात्रभर जागून पहाटे होळी पेटण्याच्या ऐन वेळी झोपी गेलेला पाहुणा. कथा त्याच्यावर लिहावी; ती काठीच्या लोकांनाही वाचून दाखविता येईल.

आणि ज्यास याहून घरगुती हास्य हवे असेल, त्याने आखाजीची वाट पाहावी. अक्षय्यतृतीयेला खानदेशातील सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि वर्षभर जे सासरी बोलता आले नाही ते झोक्यावर गाण्यातून बाहेर पडते. सासू, नणंद, दीर कोणीच सुटत नाही. माहेरचा कंजूष भाऊदेखील नाही. गाणारी स्वतःवरही चार शब्द घेते, म्हणून सासूच्या वयाच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसतात. त्यांनीही कधी काळी तीच गाणी म्हटलेली असतात. लेखकाने तेथे जरा दूर, निंबाच्या सावलीत बसावे. वही मात्र पिशवीतच राहू द्यावी, कारण ती दिसली की पोरी गाणे बदलतात आणि देवीच्या आरतीस आरंभ करतात.