मैदानावरील खानेसुमारी

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त वाचताना गोल कोणी केला, पंचांनी कोणास बाहेर काढले आणि विजयाचे श्रेय कोणाच्या पदरी पडले, याकडे वाचकाचे लक्ष असते. वृत्तान्ताच्या अखेरीस एका ओळीत छापलेल्या प्रेक्षकसंख्येवर त्याची दृष्टी क्वचितच स्थिरावते. परंतु व्यावसायिक क्लबाच्या कारभाऱ्यांना त्या एका आकड्याची विवंचना वर्षभर वाहावी लागते. कारण खेळाडूंचे वेतन, मैदानाचे भाडे, जाहिरातदारांची मर्जी आणि पुढील हंगामाची उमेद या सर्वांचा हिशेब त्याच आकड्यापासून सुरू होतो. हा आकडा कसा सिद्ध होतो आणि तो वाढतो कशामुळे, हे समजून घेण्यासारखे आहे.

आमच्या रत्नागिरीत व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. तथापि हे नगर अशा ठिकाणी वसले आहे की, येथून तीन दिशांना तीन निरनिराळ्या प्रकारचे फुटबॉलप्रेक्षक आढळतात. उत्तरेस मुंबई, दक्षिणेस, कोकण रेल्वेच्या मार्गावर, मडगाव आणि त्यालगतचे फातोर्ड्याचे क्रीडांगण, आणि पूर्वेस, आंबा घाट चढून गेल्यावर, कोल्हापूर. या तिन्ही ठिकाणची गर्दी पाहिली, म्हणजे प्रेक्षक विकत घेता येतो की घडवावा लागतो, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी मिळून जाते.

प्रथम गणतीचा विचार करू. एकाच सामन्याच्या उपस्थितीचे तीन आकडे संभवतात: विकल्या गेलेल्या तिकिटांचा, त्यांत वाटलेल्या सन्मानिका मिळवून होणारा, आणि प्रत्यक्ष दारातून आत आलेल्या माणसांचा. नाटकाच्या तिकीटखिडकीवर बसणाऱ्यास हा भेद सांगावा लागत नाही. प्लॅनवर खुणा झालेल्या सर्व खुर्च्या पडदा वर जाताना भरलेल्या असतातच असे नाही, आणि पुढच्या रांगेतील पासवाल्यांमुळे गल्ल्यात एक पैही पडत नाही. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमधील क्लब जी संख्या प्रसिद्ध करतात, ती सामान्यतः दिलेल्या तिकिटांची असते. ज्याने संपूर्ण हंगामाचे तिकीट घेतले आहे, तो त्या दिवशी तापाने अंथरुणावर असला तरी त्याची गणना उपस्थितांत होते. प्रत्यक्ष आलेल्यांचा आकडा दारावरच मिळतो. एका वेळी एकाच माणसास आत सोडणारे लोखंडी फिरते दार आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्यासरशी एका अंकाने पुढे सरकणारी मोजणीची तबकडी, ही या गणतीची जुनी साधने; आता तिकिटावरील बारकोड यंत्रापुढे धरताच त्याची नोंद होते.

ही साधने कोठे तोकडी पडतात, याचा दाखला इतिहासात आहे. २८ एप्रिल १९२३ रोजी लंडनच्या नव्या वेम्बली क्रीडांगणावर बोल्टन आणि वेस्ट हॅम यांच्यामध्ये एफए चषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची झाली. परंतु भिंती चढून, दारे रेटून जे आत शिरले त्यांची नोंद कोणत्याच तबकडीवर नव्हती, आणि खरी गर्दी दोन लाखांच्या घरात असल्याचे अंदाज तेव्हापासून केले जात आहेत. १९५० साली ब्राझीलमधील माराकाना क्रीडांगणावर उरुग्वेने यजमानांचा पराभव केला, त्या सामन्यास पैसे भरून आलेले प्रेक्षक १,७३,८५० होते. एकंदर उपस्थिती मात्र दोन लाखांच्या जवळपास मानली जाते.

आमच्याकडे या मोजणीस सरकारी महसुलाचाही संबंध होता. वेम्बलीच्या त्या सामन्याच्याच वर्षी, १९२३ साली, मुंबई इलाख्यात करमणूक शुल्काचा कायदा झाला आणि पैसे घेऊन दाखविल्या जाणाऱ्या खेळांचा व सामन्यांचा त्याच्या व्याख्येत अंतर्भाव झाला. तिकिटामागे सरकारचा वाटा ठरला, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाची तपासणीही ओघाने आलीच.

परंतु गल्ला आणि महसूल यांहून गणतीचे एक श्रेष्ठ प्रयोजन आहे, ते म्हणजे मनुष्याच्या प्राणांचे रक्षण. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात उसळलेल्या दंग्यात व चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षक मृत्युमुखी पडले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो क्रीडांगणावर घडलेल्या दुर्घटनेने एकंदर सत्त्याण्णव बळी घेतले. तेथे फिरत्या दारांवरील तबकड्या त्या बाजूस एकूण किती माणसे आली हे सांगू शकत होत्या. जाळीने विभागलेल्या प्रत्येक कप्प्यात किती उभी आहेत, हे सांगण्याची सोय नव्हती. बाहेरील कोंडी फोडण्यासाठी मोठे दार उघडण्यात आले, आणि मधले कप्पे आधीच भरलेले असताना लोंढा त्यांतच शिरला. माणसे किती आहेत एवढेच नव्हे, तर ती कोठे आहेत हेही क्षणोक्षणी ठाऊक असले पाहिजे, हा धडा जगाने तेथे फार मोठे मोल देऊन घेतला.

आता वृद्धीचा प्रश्न. मुंबईला फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स चषकाची स्पर्धा तेथे १८९१ साली सुरू झाली, आणि कूपरेजच्या मैदानाने कित्येक पिढ्यांचा जल्लोष ऐकला. असे असूनही १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या क्रीडांगणावर भारताने चिनी तैपेई संघाचा ५-० असा पराभव केला आणि कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, तेव्हा ते पाहण्यास अवघे २,५६९ प्रेक्षक होते. त्यानंतर छेत्रीने जनतेस हात जोडून विनंती केली की, आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. त्या विनंतीनंतर दोनच दिवसांनी केनियाविरुद्धचा सामना होता, छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. त्याची सर्व तिकिटे खपली आणि मुसळधार पावसातही लोक जागचे हलले नाहीत. कोट्यवधींच्या जाहिरातींनी जे साधत नाही ते एका सच्च्या शब्दाने साधले, ही गोष्ट खेळाच्या व्यवस्थापकांनी विसरू नये. परंतु अशी विनवणी वारंवार करता येत नाही, हेही तितकेच खरे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. तिचे सामने कलकत्ता, कोची, नवी मुंबई आणि फातोर्डा यांसह सहा ठिकाणी झाले आणि एकूण उपस्थिती १३,४७,१३३ भरली, जी त्या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वोच्च ठरली. परवडणारे तिकीट आणि शाळकरी मुलांना मोकळे केलेले दार यांचा त्यात मोठा वाटा होता.

गोव्याचे चित्र निराळे आहे. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी शिवोली गावात हा खेळ आणला, आणि चर्चच्या अंगणांतून, भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतांतून तो गावोगाव रुजला. म्हणून २०१४ साली एफसी गोवा हा व्यावसायिक क्लब स्थापन झाला, तेव्हा प्रेक्षक निर्माण करण्याचे काम त्याच्यापुढे नव्हते. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांच्या काळापासून घडलेल्या रसिकतेस एका झेंड्याखाली आणावयाचे होते. सुमारे एकोणीस हजार प्रेक्षकांच्या फातोर्ड्याच्या क्रीडांगणावर २० डिसेंबर २०१५ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. अखेरच्या मिनिटांपर्यंत २-१ असा आघाडीवर असलेला गोव्याचा संघ चेन्नईयिनकडून २-३ असा हरला. अशा दुःखाच्या वेळी जो क्लबाचा हात सोडीत नाही, तोच त्याचा खरा प्रेक्षक, आणि हंगामी तिकिटाची योजना अशाच निष्ठेवर उभी असते. याच मैदानावर १४ मार्च २०२० रोजी महामारीच्या भयाने अंतिम सामना रिकाम्या सज्जांपुढे खेळवावा लागला. गोल चार झाले, चषक दिला गेला. परंतु प्रेक्षकांवाचून सामना किती निष्प्राण होतो, हे त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवरही जाणवले.

आंबा घाटापलीकडे कोल्हापुरात मोठ्या भांडवलदाराचा क्लब नाही, आणि तरीही तेथील शाहू स्टेडियमवरील गर्दीचा हेवा व्यावसायिक क्लबांनी करावा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तेथील संघांची नावे तालमींची आहेत. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कुस्ती बहरली, खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि कुस्तीने जमविलेला प्रेक्षक पुढे फुटबॉलच्याही वाट्यास आला. तेथील मूल एखाद्या पेठेत जन्मास येते तेव्हाच त्याचा संघ ठरलेला असतो. त्यास तिकीट घेण्याचा उपदेश करावा लागत नाही. या आपलेपणाची दुसरी बाजूही आहे. पेठांची ईर्ष्या अनावर होऊन हाणामारी झाल्याचे व सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग घडले आहेत, आणि त्या प्रत्येक प्रसंगागणिक घरातील स्त्रिया व लहान मुले मैदानापासून दूर राहिली असतील. निर्भयपणे बसता येईल अशी जागा हीही प्रेक्षकवृद्धीची एक अनिवार्य अट आहे.

यांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. जाहिरात माणसास एकदा मैदानावर आणते. त्यास पुनःपुन्हा आणतात ती आपलेपणाची भावना, परवडणारे तिकीट, सोयीची वेळ, परतीचे वाहन आणि सुरक्षित आसन. जर्मनीत बोरुसिया डॉर्टमुंडच्या ८१,३६५ प्रेक्षकांच्या क्रीडांगणात सुमारे पंचवीस हजारांसाठी स्वस्त दराची उभी जागा मुद्दाम राखली आहे. त्या जागेतून मिळणारे उत्पन्न थोडे असेल, परंतु संपूर्ण मैदानाचा प्राण तीच आहे. उलटपक्षी, फुगविलेल्या आकड्याने कोणाचेच कल्याण होत नाही. आपली रिकामी खुर्ची जो क्लब कागदावर भरलेली दाखवितो, त्यास ती का रिकामी राहिली हे शोधण्याची बुद्धी कधीच होत नाही.

रत्नागिरीतील शाळांना, महाविद्यालयांना आणि क्रीडामंडळांना म्हणूनच एक आग्रहाची विनंती आहे. यापुढे फुटबॉलचा सामना भरवाल तेव्हा दाराशी वही घेऊन एक विद्यार्थी उभा करा. मुले किती आली, स्त्रिया किती आल्या, जवळच्या गावांतून कोण आले आणि मध्यंतरानंतर किती उरले, हे त्यास प्रामाणिकपणे लिहू द्या. संख्या चाळीस भरली तर चाळीसच सांगा. मग त्या वहीच्या आधारे सामन्याची वेळ बदला, सावलीची व पाण्याची सोय करा, शेवटच्या एसटीचा विचार करा, आणि पुढल्या वर्षी पुन्हा मोजा. क्लब त्यानंतर केव्हा तरी उभा राहील. प्रेक्षक घडविण्याचे कार्य आजच आरंभिता येते, आणि त्यासाठी एक वही व एक निष्ठावंत विद्यार्थी पुरेसा आहे.