साखरखेर्डा ते देवगाव: वऱ्हाडातील तह आणि न टिकलेला विश्वास

वऱ्हाडातील सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे 1724 मध्ये निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव करून दक्षिणेत आपल्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला. शाहू महाराजांना 1719 च्या बादशाही सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांत चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे एक दशांशाचा वेगळा हक्क, मिळालेला असल्यामुळे वऱ्हाडातील एकाच रयतेवर दोन सत्तांचा दावा उभा राहिला. हक्क एकाचा, अंमल दुसऱ्याचा आणि हिशेब तपासणारा निःपक्ष तिसरा कोणीच नाही, हे या वैराचे खरे मूळ होते. धर्मभेद हे त्याचे कारण मानता येत नाही, कारण 1757 मध्ये मराठ्यांनी सिंदखेडला ज्यांना वेढले ते रामचंद्र जाधव निजामाचेच सरदार होते.

शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यातील वादाचे निमित्त करून निजामाने चौथाई अडवली, तेव्हा शाहूंचे पेशवे बाजीराव यांनी 1728 मध्ये पालखेड येथे त्याची कोंडी केली आणि मुंगी-शेवगावच्या तहात ते हक्क पुन्हा मान्य करून घेतले. त्याहून मोलाची ठरते ती डिसेंबर 1732 मधील रोहे-रामेश्वरची भेट, कारण तेथे दोघे रणांगणाबाहेर समोरासमोर बसले आणि मराठ्यांच्या उत्तरेतील मोहिमांत निजामाने तटस्थ राहावे, मराठ्यांनी त्याच्या मुलखाला उपद्रव देऊ नये, असा समज झाला. तो पाच वर्षेच टिकला; 1737 च्या अखेरीस निजाम बादशहाच्या बाजूने भोपाळला उतरला. शब्द पाळला जातो की नाही हे पाहण्याची व्यवस्थाच नव्हती. परस्परांच्या दरबारी वकील, म्हणजे कायम वास्तव्य करणारे राजदूत, असत. पुढील काळात हैदराबादेतील गोविंदराव काळे यांच्यासारख्या वकिलांनी तुटलेला संवादही जोडून धरला, परंतु महसुलाचा वाद निकालात काढण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. 1757 च्या सिंदखेडच्या संग्रामानंतर निजामाला नळदुर्गासह 25 लाखांचा मुलूख द्यावा लागला, आणि जेत्याच्या अटींवर झालेल्या अशा तहातून सुडाची इच्छाच वाढली, हे 1763 च्या राक्षसभुवनच्या आणि 1795 च्या खर्ड्याच्या लढाईने दाखवून दिले.

अखेर निवाडा तिसऱ्यानेच केला, पण तो निःपक्ष नव्हता: 17 डिसेंबर 1803 रोजी देवगावच्या तहात इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांकडून वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड काढून निजामाला दिला, आणि 1853 मध्ये तोच वऱ्हाड निजामाकडून आपल्या कारभाराखाली घेतला.