कोयनेचे पाणी आणि पठारावरील वारा

पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि त्या डोंगराखाली कोयनेचा शिवाजीसागर पसरला आहे. वाऱ्याची वीज आणि पाण्याची वीज यांचा इतका निकटचा शेजार क्वचितच आढळतो. या दोहोंचा मेळ शेतकरी बंधूंच्या पाटाच्या पाण्याशी कसा निगडित आहे, याचा येथे विचार करू.

वारा पडला की पवनचक्की थांबते; तिच्यावर कोणाची हुकमत चालत नाही. धरणातील पाणी मात्र हवे तोवर राखून ठेवता येते आणि जनित्रावर सोडताच काही मिनिटांत वीज मिळते. म्हणूनच वारा भरात असताना जनित्रे मंद ठेवावी व तो पडताच चालवावी, हे श्रेयस्कर. १९६२ साली सुरू झालेल्या पोफळीच्या वीजगृहाकडे पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते. तेथे एक घनमीटर पाण्यापासून ढोबळमानाने एक युनिट वीज होते. अर्थात वाऱ्याने एक युनिट दिले, तर तितके पाणी धरणात राहू शकते.

हे पाणी राखण्याचे महत्त्व सांगली जिल्ह्यास अधिक. पोफळीस गेलेले पाणी वाशिष्ठीमार्गे समुद्रास मिळते. कृष्णेकडे परतत नाही. याच कारणास्तव बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून सोडलेले पाणी मात्र कऱ्हाडला कृष्णेस मिळून टेंभू, ताकारी व म्हैसाळ योजनांपर्यंत पोहोचते. पायथ्याशी उतार थोडा, म्हणून वीज कमी; पण त्याच पाण्यावर पुढे पिके उभी राहतात. या योजनांचे पंपही विजेवरच चालतात, हे विसरून चालणार नाही.

तथापि या मेळाविषयी अवास्तव अपेक्षा नसावी. आपल्याकडे वाऱ्याचा मुख्य हंगाम पावसाळ्याचाच. धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले, की वाऱ्याने पाणी वाचविले असे म्हणण्यात अर्थ उरत नाही. खरा लाभ जूनच्या प्रारंभी, तसेच धरण न भरणाऱ्या वर्षी होतो.

पवनचक्क्यांमुळे ढग पांगतात, असा समज गावोगावी ऐकू येतो. पावसाचे ढग हजारो मीटर जाडीचे असतात. पात्यांची पोच त्यापुढे नगण्य होय. जत व कवठेमहांकाळ हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत आणि तेथील अवर्षण पवनचक्क्यांहून कितीतरी जुने आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ऑक्टोबरच्या मध्यास कोयनेचा साठा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. रब्बीत ऊस वाढवावा की शाळू, हरभरा घ्यावा, हे त्या आकड्यावरून ठरविता येईल.