तांबे, तह आणि चहा

१६४४ साली स्वीडनमध्ये एक नाणे पाडले गेले. त्याचे वजन होते १९ किलो ७०० ग्रॅम. तांब्याचा हा जाड आयताकृती पत्रा, त्याच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध राजमुद्रा, आणि किंमत दहा रौप्य दालर. चांदीच्या दहा नाण्यांइतकेच मोल तांब्यात भरायचे तर नाणे असे अवजड होणारच. पण देशात चांदी कमी आणि तांबे मुबलक होते. शिवाय सगळेच तांबे परदेशी बाजारात ओतले असते तर भाव कोसळला असता. त्यातले काही देशातच नाण्यांच्या रूपाने अडवून ठेवायचे आणि युरोपभर भाव टिकवायचा, असा स्टॉकहोमच्या दरबाराचा हिशेब होता.

सतराव्या शतकातला स्वीडन समजून घ्यायचा तर सुरुवात रणांगणापेक्षा अशा हिशेबापासून करावी. फिनलंड धरूनही या राज्याची लोकसंख्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम बारा-तेरा लाख होती. हिवाळा लांबलचक, शेती अपुरी, शहरे नावापुरती. तरीही १६१७ ते १७२१ या काळात बाल्टिक समुद्राभोवतीचे राजकारण स्वीडनला वगळून होऊ शकत नव्हते. या उंचीमागे सेनापतींइतकेच खाणकामगार, सावकार आणि कारकून उभे होते.

मुळात हे राज्यच कर्ज काढून उभे राहिले होते. डेन्मार्कच्या वर्चस्वाखालच्या संयुक्त राज्यातून बाहेर पडून ६ जून १५२३ रोजी गुस्ताव वासा राजा म्हणून निवडला गेला. त्याच्या बंडाला जहाजे आणि पैसा पुरवला होता ल्यूबेक या जर्मन व्यापारी शहराने, आणि मोबदल्यात तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वीडनच्या व्यापारात भरघोस सवलती पदरात पाडून घेतल्या. कर्ज फेडायला राजाने चर्चच्या संपत्तीकडे नजर वळवली. १५२७ साली वेस्तेरोस इथे भरलेल्या सभेने चर्चच्या मालमत्तेवर हात टाकण्याची मोकळीक राजाला दिली. स्वीडनमधल्या धर्मसुधारणेला श्रद्धेइतकाच खजिन्याचाही रेटा होता.

या सभेची, म्हणजे रिक्सदागची, पुढे जी घडण झाली ती युरोपात विरळाच होती. सरदार, धर्मगुरू आणि शहरी व्यापारी यांच्याबरोबर शेतकऱ्यांचाही तिथे स्वतंत्र वर्ग होता. नवा कर किंवा नवी सैन्यभरती हवी असली की राजाला या चार वर्गांसमोर यावे लागे. शेतकऱ्यांचा आवाज दुबळा होता, पण कागदावर त्यांची संमती लागत होती.

१६११ साली गुस्ताव अडॉल्फ गादीवर आला तेव्हा तो अवघ्या १६ वर्षांचा होता आणि वारशात त्याला एकाच वेळी डेन्मार्क, रशिया व पोलंडशी वैर मिळाले होते. डेन्मार्कशी १६१३ साली क्नेरेडचा तह झाला. पश्चिमेकडच्या खुल्या समुद्राकडे जाणारी स्वीडनची एकमेव वाट एल्व्सबोर्ग किल्ल्याजवळून जात होती आणि तो किल्ला डेन्मार्कच्या हातात पडला होता. तो परत हवा तर सहा वर्षांत दहा लाख रिक्सदालर खंडणी भरायची, अशी अट होती. देशभर जादा कर बसवले गेले, डच व्यापाऱ्यांकडून कर्ज घेतले गेले आणि तांबे विकले गेले. १६१९ साली शेवटचा हप्ता चुकता झाला. लगेच १६२१ साली त्याच वाटेच्या मुखाशी गोथेनबर्ग शहराला सनद मिळाली. कालवे आखायला डच माणसे आली आणि सुरुवातीच्या नगरसभेतही डचांचेच प्राबल्य होते.

हे तांबे येत होते फालुनच्या खाणीतून. खाण जुनी होती. १२८८ सालच्या एका दस्तानुसार वेस्तेरोसच्या बिशपने तिच्यातला एक अष्टमांश हिस्सा परत विकत घेतला होता. युरोपातल्या अगदी जुन्या भागभांडवली व्यवहारांत त्याची गणना होते. कामगार खडकाला लागून लाकडांचे ढीग पेटवत आणि तापून भेगाळलेला खडक फोडत. धुराने आसपासचा प्रदेश उजाड झाला होता. सतराव्या शतकाच्या मध्याला, म्हणजे उत्पादन शिगेला पोचले तेव्हा, इथून वर्षाला सुमारे ३,००० टन तांबे निघत होते. युरोपच्या तांब्याची दोन तृतीयांश गरज एकेकाळी ही खाण भागवत होती. तोफा, नाणी, भांडी, चर्चची छपरे अशा सगळ्यांना ते तांबे लागत होते.

लोखंडाची गोष्ट लुई द येर या माणसाशी बांधलेली आहे. लिएजमध्ये जन्मलेला आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये व्यापारात मुरलेला द येर १६२७ साली स्वीडनला आला. आजच्या बेल्जियममधले वालून लोहार त्याने आणवले, भट्ट्या उभारल्या आणि फिनस्पोंगला तोफा ओतायला सुरुवात केली. डेन्मार्कशी पुन्हा युद्ध पेटल्यावर १६४४ साली त्याने स्वतःच्या पैशावर आणि पतीवर नेदरलँड्समध्ये जहाजांचा ताफा उभा करून स्वीडनच्या मदतीला आणला. पुढच्याच वर्षी ब्रम्सेब्रोच्या तहात डेन्मार्कला गोटलंड बेटासह बराच मुलूख सोडावा लागला. बाल्टिकच्या तोंडाशी असलेल्या ओरेसुंद सामुद्रधुनीत डेन्मार्क प्रत्येक जहाजाकडून जकात घेत असे, त्या जकातीतून स्वीडिश जहाजांना पूर्ण सूट मिळाली. व्यापाऱ्याचा ताफा, राजाचे युद्ध आणि जकातीची माफी हे तिन्ही त्या काळी एकाच व्यवहाराचे भाग होते.

या साऱ्या व्यवहारांच्या केंद्रस्थानी होता अ‍ॅक्सेल ऑक्सेनशर्ना. १६१२ साली तो चॅन्सेलर, म्हणजे राज्याचा प्रमुख मंत्री झाला आणि १६५४ साली मरेपर्यंत त्या पदावर राहिला. १६१८ साली त्याने दरबारी कागदपत्रे नीट जतन करण्याची व्यवस्था लावली आणि त्यातून राष्ट्रीय दप्तरखाना आकाराला आला. १६३४ सालच्या राज्यघटनेने न्याय, युद्ध, नौदल, दप्तर आणि खजिना अशी पाच मंडळे पक्की केली. १६३६ साली टपालसेवा सुरू झाली. माणसे मूठभर असलेल्या राज्याला आपल्याकडे किती शेते, किती घरे, किती घोडे आणि किती तरुण आहेत हे नेमके ठाऊक असण्याची फार गरज होती. ती माहिती गोळा करणारी यंत्रणा स्वीडनने मोठ्या शेजाऱ्यांच्या आधी उभी केली.

१६३० साली गुस्ताव अडॉल्फ जर्मनीच्या किनाऱ्यावर उतरला. तीस वर्षांच्या युद्धात प्रोटेस्टंटांचा तारणहार म्हणून त्याची कीर्ती झाली. पण त्याच्या फौजेचा खर्च कोण उचलत होते? आदल्या वर्षी पोलंडशी झालेल्या अल्टमार्कच्या तहामुळे प्रशियाच्या बंदरांतली जकात स्वीडनकडे येऊ लागली होती. जानेवारी १६३१मध्ये बेरवाल्डे इथे फ्रान्सशी करार झाला. स्वीडनने ३०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ बाळगायचे व फ्रान्सने वर्षाला ४,००,००० रिक्सदालर द्यायचे. फ्रान्सची सूत्रे होती कार्डिनल रिशल्यूकडे. कॅथलिक चर्चचा हा कार्डिनल लुथरपंथी राजाला पैसा पुरवत होता, कारण दोघांनाही हाब्सबर्ग सम्राटाला रोखायचे होते.

नोव्हेंबर १६३२मध्ये लुट्झेनच्या लढाईत राजा मारला गेला. गादीची वारस क्रिस्तिना सहा वर्षांचीही झाली नव्हती. राज्याचा गाडा आणि युद्ध दोन्ही ऑक्सेनशर्नाने पुढे नेले. १६४८ साली ओस्नाब्रुकच्या वाटाघाटींत त्याचा मुलगा योहान आणि मुरब्बी मुत्सद्दी योहान आडलर साल्वियुस यांनी स्वीडनची बाजू मांडली. पश्चिम पोमेरेनिया, विस्मार बंदर, ब्रेमेन व फेर्डेन हे प्रदेश आणि फौजेचा पगार चुकवायला पन्नास लाख रिक्सदालर पदरात पडले. ओडर, एल्ब आणि वेझर या तिन्ही नद्यांच्या मुखांपाशी आता स्वीडनचा अंमल होता. नदीचे मुख हाती असले की तिच्या खोऱ्यातल्या व्यापारावर जकात बसवता येते.

या यशाची किंमत कुणी मोजली, हे उत्तरेकडच्या बुग्देओ नावाच्या एका परगण्याच्या नोंदी सांगतात. १६२१ ते १६३९ या काळात तिथून २३० तरुण सैन्यात नेले गेले. त्यांपैकी २१५ मेले, बहुतेक जण लढाईत नव्हे तर छावणीतल्या रोगराईने. पाच जण अपंग होऊन परतले. मागे राहिलेल्या बायकांनी शेते नांगरली आणि कर भरले. समुद्रापारही अशीच किंमत इतरांनी मोजली. द येरच्या पुढाकाराने १६४९ साली स्थापन झालेली आफ्रिका कंपनी आजच्या घानाच्या किनाऱ्यावर सोन्याबरोबर गुलामांचाही व्यापार करत होती.

१६५८ साली कार्ल दहाव्याने गोठलेल्या सामुद्रधुनीवरून फौज चालवत नेऊन डेन्मार्कला नमवले आणि स्कोने प्रांत कायमचा मिळवला. ते या साम्राज्याचे शिखर होते. पण पाया डळमळत होता. परकीय पैसा मिळवायचा तर युद्ध हवे, आणि युद्ध थांबले की फौज पोसायला पैसा नाही, असा तो पेच होता. कार्ल अकराव्याने १६८०पासून सरदारांकडे गेलेल्या सरकारी जमिनी परत घेऊन आणि सैनिकांना शेतीच्या आधाराने गावोगावी वसवून काही काळ तोल सावरला. फालुनची खाण मात्र १६८७च्या जूनमध्ये खचली. सणाची सुट्टी असल्याने जीवितहानी झाली नाही, पण तांब्याचे वैभव पुन्हा तसे आले नाही.

१७०० साली रशिया, डेन्मार्क आणि सॅक्सनी-पोलंड एकदम चालून आले. कार्ल बाराव्याने नार्व्हाची लढाई जिंकली, पण १७०९ साली पोल्ताव्हाला त्याची फौज नष्ट झाली आणि त्याला ऑटोमन मुलखात आश्रय घ्यावा लागला. तिथून तो परतला तो डोक्यावर कर्ज घेऊन. १७१८ साली नॉर्वेतल्या वेढ्यात गोळी लागून तो मेला. १७२१च्या न्यूस्टाडच्या तहाने एस्टोनिया, लिव्होनिया आणि इंग्रिया रशियाकडे गेले.

पण हार पचवताना या देशाने जे केले ते विजयांहून मोलाचे ठरले. राजाची सत्ता आवळून रिक्सदागने कारभार हाती घेतला. टोप्या आणि हॅट या नावांचे दोन पक्ष उभे राहिले. फ्रान्सचा पैसा हॅट पक्षाकडे, तर रशिया-इंग्लंडचा टोप्यांकडे वाहत होता. ही लाचखोरी उघड होती, तरी याच रिक्सदागने १७६६ साली मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला आणि सरकारी कागदपत्रे पाहण्याचा हक्क नागरिकाला दिला. १७७२ साली गुस्ताव तिसऱ्याने सत्ता पुन्हा आपल्याकडे खेचली.

परराष्ट्र धोरणाची दिशाही बदलली. १७२४च्या फर्मानाने परदेशी जहाजांना फक्त स्वतःच्या देशाचा माल स्वीडनमध्ये आणण्याची मुभा उरली, त्यामुळे मधले डच आडतिये दूर झाले आणि स्वीडिश जहाजवाहतूक वाढली. भूमध्य समुद्रातून मीठ आणायचे तर चाच्यांपासून संरक्षण हवे, म्हणून १७२९ साली अल्जीयर्सशी तह झाला. इंग्लंडच्या पोलादाला लागणारे उत्तम लोखंड अजून स्वीडनच पुरवत होता.

१७३१ साली स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. गोथेनबर्गहून लोखंड आणि लाकूड घेऊन जहाजे स्पेनच्या काडिझला जात. तिथे माल विकून चांदी घेत आणि कॅन्टनला चहा, चिनी मातीची भांडी व रेशीम खरेदी करत. परतलेला बहुतेक माल पुन्हा परदेशी विकला जाई आणि बराचसा चहा चोरट्या मार्गाने इंग्लंडला पोचे. भारतात शिरणे सोपे नव्हते. १७३३ साली पोर्टो नोव्हो, म्हणजे आजचे तमिळनाडूतले परंगिपेट्टई, इथली स्वीडिश वखार इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून उधळली.

तरीही १७५०मध्ये निघालेले ‘गोथा लेयॉन’ जहाज सुरतेला पोचले. शिवाजी महाराजांच्या १६६४च्या स्वारीमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे झालेले हेच ते बंदर. जहाजावर ओलोफ तोरेन हा धर्मोपदेशक होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसचा हा शिष्य. त्याने सुरतेबद्दल आणि पुढच्या प्रवासाबद्दल गुरूला लिहिलेली पत्रे १७५७ साली प्रसिद्ध झाली. आपल्या बागांमधली टोरेनिया ही फुलझाडे त्याच्याच नावाने ओळखली जातात.

१८१३ साली कंपनी संपली, तोवर तिच्या जहाजांनी आशियाच्या १३२ सफरी केल्या होत्या. तिचे एक संचालक निक्लास सालग्रेन यांच्या देणगीतून गोथेनबर्गचे मोठे रुग्णालय उभे राहिले, तर दुसरे संचालक विल्यम चाल्मर्स यांच्या मृत्युपत्रातून १८२९ साली तंत्रशाळा सुरू झाली. ते रुग्णालय आज विद्यापीठीय रुग्णालय आहे आणि ती शाळा चाल्मर्स तंत्रविद्यापीठ म्हणून जगाला माहीत आहे. १६६८ साली रिक्सदागने स्थापन केलेली बँक जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक म्हणून अजून काम करते आहे. ऑक्सेनशर्नाचा दप्तरखानाही चालू आहे. बुग्देओच्या त्या २३० तरुणांचे काय झाले हे आज सांगता येते, ते त्या काळी ठेवलेल्या अशाच नोंदींमुळे.