काजूची भट्टी लावायचीय? आधी पाणी बघा

गोव्यात काजू फेणीची छोटी भट्टी सुरू करायची असेल, तर तांब्याचं भाण, म्हणजे दारू गाळायचं भांडं, सगळ्यात शेवटी घ्या. आधी अबकारी खात्याचा परवाना, मग पाणी! वाफ थंड करणाऱ्या टाकीला दिवसभर गार पाणी लागतं आणि हंगाम नेमका मार्च ते मे. पाणी तापलं की वाफ तशीच निसटते, आणि ती पेट घेणारी असते. म्हणून जागा उघडी, वारं खेळणारी हवी.

बोंडू, म्हणजे काजूची फळं, मात्र झाडावरून आपोआप गळलेलेच वेचा. खरा गोडवा त्यांच्यातच. रस दोन-तीन दिवसांत आपसूक आंबतो, यीस्ट घालावं लागत नाही. तो पहिल्यांदा गाळला की उर्राक. तिच्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी, साधारण 42 टक्के अल्कोहोलची. सुरुवातीची धार दर वेळी बाजूला काढाच.

भाण तांब्याचंच का? तांबं गंधकाचे उग्र वास धरून ठेवतं. फक्त सांध्यांना शिशाचा डाग नको, हे कारागिराला आधीच बजावा. आणि हो, काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हे नाव गोव्याबाहेरच्या दारूला लावता येत नाही.