मध्यंतरातली पंधरा मिनिटं

१७ जानेवारी १९९८ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या अ‍ॅलन फील्डहाउसमध्ये बास्केटबॉलचा सामना रंगात होता. मध्यंतर झालं आणि सात फूट एक इंच उंचीचा, एकसष्ट वर्षांचा एक गृहस्थ मैदानात आला. अंगावर विद्यार्थिदशेतलं विद्यापीठाचं जाकीट होतं. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. ते होते विल्ट चेंबरलेन. १९६२ मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलच्या एकाच सामन्यात १०० गुण करणारा हा खेळाडू जगभर गाजला, पण ज्या विद्यापीठात तो घडला तिथं कित्येक वर्षं फिरकला नव्हता.

कारण १९५७ सालचं होतं. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्यात तीनदा जादा वेळ खेळवावा लागला आणि कॅन्सस ५३-५४ असं एका गुणानं हरलं. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती चेंबरलेनचीच. तरी आपण विद्यापीठाला मान खाली घालायला लावली, हा सल त्याच्या मनातून गेला नाही. त्यात त्या काळी विद्यापीठाच्या गावातल्या वर्णभेदाचे कडू अनुभव होते. एक वर्ष आणखी खेळून तो निघून गेला. १९९८ मध्ये त्याचा १३ क्रमांकाचा शर्ट छतापाशी चढवला गेला, तेव्हा त्यानं हे ओझं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. सामना संपल्यावर बराच वेळ बसून तो मुलांना सह्या देत राहिला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, त्याचं निधन झालं. हा सोहळा दोन वर्षं लांबला असता, तर शर्ट चढला असता, पण तो पाहायला माणूस नसता.

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये या सोहळ्याला ‘जर्सी निवृत्त करणं’ म्हणतात. गावाकडच्या वाचकाला आधी यातलं साधं तंत्र समजून घ्यायला हवं. माजी खेळाडूला घरच्या मैदानावर, चालू हंगामातल्या खऱ्या सामन्याच्या दिवशी बोलावतात. मध्यंतरात किंवा सामना संपताच त्याला, त्याच्या आईवडिलांना, जुन्या प्रशिक्षकाला मैदानाच्या मधोमध उभं करतात. त्याची कामगिरी वाचली जाते, नाव आणि क्रमांक असलेला मोठा शर्ट छताकडे चढतो आणि कायमचा तिथं राहतो. आजचे खेळाडू बाकावर बसून हे सगळं बघत असतात. पुढच्या सामन्यात त्याच शर्टाखाली त्यांना धावायचं असतं.

याचे प्रकारही आहेत. कॅन्ससमध्ये शर्ट टांगतात, क्रमांक मात्र पुढच्या मुलांसाठी खुला राहतो. नॉर्थ कॅरोलिनात दोन पायऱ्या आहेत. चांगल्या खेळाडूंचे शर्ट ‘सन्मानित’ होतात. क्रमांक कायमचा बंद व्हायचा, तर देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू हा एखादा मान्यताप्राप्त किताब मिळवावा लागतो. मायकेल जॉर्डनचा २३ क्रमांक तिथं असाच बंद झाला.

एवढी काटकसर का, याचं उत्तर पंचांच्या बोटांत आहे. कॉलेज बास्केटबॉलमध्ये वर्षानुवर्षं शर्टावर ० ते ५ एवढेच आकडे चालत, म्हणजे २३ चालेल, २७ नाही. फाउल झाला की पंच हाताच्या बोटांनी खेळाडूचा क्रमांक गुणलेखकाला दाखवतो. एका हाताला बोटं पाच, म्हणून कुठलाच आकडा पाचाच्या पुढे नाही. हिशेब केला तर ० आणि ०० धरून सारे ३७ क्रमांक होतात. त्यातले आठ-दहा बंद केले की नव्या मुलांना द्यायला क्रमांक अपुरे पडू लागतात. २०२३-२४ च्या हंगामापासून हा नियम सैल झाला आणि ९९ पर्यंतचे क्रमांक मोकळे झाले.

आपल्याकडच्या जुन्या बास्केटबॉलपटूंना हा प्रश्न वेगळ्या रूपात ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमानं शर्टाचे क्रमांक ४ ते १५ असत. १, २ आणि ३ या खुणा पंचांना गुण दाखवायला लागत. संघात बारा जण आणि क्रमांकही बाराच. २०१४ मध्ये हे बंधन गेलं. तोवर एखादा क्रमांक निवृत्त करायचा म्हटला असता, तर बाराव्या मुलाला घालायला शर्टच उरला नसता. त्यामुळे हा प्रकार आपल्या कोर्टांवर रुजला नाही यात नवल नाही. मुंबईच्या नागपाड्यासारख्या वस्तीनं वेगळी वाट काढली. या एका मोहल्ल्यानं देशाला बास्केटबॉलपटू दिले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे गुलाम अब्बास मुंतसिर त्यांतलेच. ज्या प्रशिक्षकानं तिथली पोरं घडवली, त्या बच्चूखान यांचं नाव तिथल्या पालिकेच्या मैदानालाच मिळालं. शर्ट टांगायला छत नव्हतं, म्हणून नाव जमिनीला दिलं.

क्रिकेटनं क्रमांक निवृत्त करून पाहिला, पण सोहळ्याविना. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोत पालघरचा शार्दूल ठाकूर पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला आणि त्याच्या पाठीवर १० हा आकडा दिसला. तो सचिन तेंडुलकरचा. समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठली, एका नवख्या गोलंदाजाचं पदार्पण शर्टाच्या वादात झाकोळलं. शार्दूल पुढे ५४ क्रमांकानं खेळला आणि नियामक मंडळानं १० क्रमांक गाजावाजा न करता बाजूला ठेवला. आधी मैदानात सचिनला बोलावून, त्याच्या समोर तो शर्ट निवृत्त केला असता, तर शार्दूलला कुणी बोल लावला नसता. नियम जाहीर असला की नव्या मुलाचं रक्षण होतं, ही बाजू फारशी बोलली जात नाही.

वानखेडेवर मात्र सन्मान मैदानात आला. तेव्हाच्या अहमदनगरचे शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी घडवलेला तेंडुलकरचा पुतळा १ नोव्हेंबर २०२३ रोजी, विश्वचषकातल्या भारत-श्रीलंका सामन्याच्या आदल्या दिवशी, उघडला गेला. १६ मे २०२५ रोजी तिथल्या एका स्टँडला रोहित शर्माचं नाव मिळालं, तेव्हा त्याचे आईवडील व्यासपीठावर होते. त्याच कार्यक्रमात अजित वाडेकरांच्या नावाचाही स्टँड झाला. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणारा हा कर्णधार २०१८ मध्ये गेला होता. एकाच संध्याकाळी एकानं आपलं नाव स्वतः वाचलं आणि दुसऱ्याचं नाव घरच्यांनी वाचलं.

कॉलेजच्या खेळाडूचा सन्मान म्हटलं की महाराष्ट्रात सर्वात आधी आठवायला हवेत खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो कुस्तीत सहावा आला, मातीतून थेट गादीवर जाऊन. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवडीपासूनच भांडावं लागलं, आणि निवड झाल्यावर प्रवासाला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तेवढी रक्कम त्या काळी एका संसाराची सारी पुंजी असे.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट फ्रीस्टाइल गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसच्या रूपानं.

परतल्यावर कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले, असं सांगतात. मात्र या कथेतला मोलाचा भाग मिरवणुकीनंतरचा आहे. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लांगोट कसून उतरले, कुस्त्या जिंकल्या आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवायला मदत केली. सन्मानाचा सोहळा आणि खेळ इथं वेगळे राहिलेच नाहीत. ज्या लोकांनी वर्गणी दिली, त्यांच्यासमोर ऑलिंपिकचा मल्ल मातीत उतरला. कॅन्ससच्या छतावरच्या शर्टाला तोडीस तोड असा हा प्रसंग आपल्याच मातीत, ४६ वर्षं आधी घडला होता.

सरकारी मानसन्मानाची गती मात्र निराळी. १९५५ मध्ये खाशाबा पोलिसात उपनिरीक्षक झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचं नाव २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी लागलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. यादी मोठी आहे, आणि तिच्यातला बहुतेक भाग त्यांना पाहता आला नाही.

कुस्तीच्या फडात जुनी रीत अजून टिकून आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही यात्रेत दंगल भरली की हलगी वाजत असते, जोडी ठरत असते, आणि दोन कुस्त्यांच्या मध्ये एखादा वयस्क पैलवान आखाड्यात बोलावला जातो. निवेदक त्यानं कुणाला कोणत्या डावावर चीत केलं ते सांगतो, डोक्यावर फेटा चढतो, हाती नारळ येतो. बाजूला लांगोट कसून उभी असलेली पोरं ऐकत असतात. दोन-तीन मिनिटांत उरकतं आणि पुढची जोडी लागते. वाद्यं वेगळी, पोशाख वेगळा, पण अमेरिकेतल्या मध्यंतराचं सारं सार त्यात आहे.

कॉलेजांनी ही रीत कधी सोडून दिली? बक्षीस समारंभ स्नेहसंमेलनात गेला, मैदानातून सभागृहात आला. खेळाडूचा सत्कार पाहुण्यांच्या भाषणांच्या रांगेत बसला, शाल-श्रीफळ घेऊन फोटो निघाला आणि तो खाली उतरला. त्याचा खेळ न पाहिलेले लोक टाळ्या वाजवतात, आणि जी मुलं त्याच कोर्टावर घाम गाळतात ती त्या वेळी मंडपाबाहेर असतात. जिमखान्यातल्या लाकडी फळ्यावर विद्यापीठ संघातून खेळलेल्यांची नावं रंगवलेली असतात. त्या नावांची माणसं पंचक्रोशीतच राहतात, पण त्यांना पुन्हा मैदानावर कुणी बोलावत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला हे मनावर घेण्याजोगं आहे. १९४७ पासूनच्या बाजार समितीमुळे गावाचं नाव कांद्याबरोबर देशभर जातं, आणि लिलावाच्या दिवशी निफाड, येवला, चांदवड अशा तीन तालुक्यांची माणसं इथं येतात. शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच दुष्काळी पट्ट्यातला. पाण्यासाठी विहिरी खोदणाऱ्या घरातला हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला, पुण्यात खडकीला वल्हवायला शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या शर्यतीत शरीरानं साथ सोडली. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नावेत बसून त्यानं सुवर्ण मिळवलं. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार आला. त्याच्या खेळाला लागणारं पाणी या भागात नाही, म्हणून त्याला त्याच्या ‘घरच्या मैदानावर’ बोलावणं अवघड. कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल खेळलेल्या इथल्या मुलामुलींबाबत ती अडचण नाही. त्यांची मैदानं शाबूत आहेत.

खर्चाचं म्हणाल तर फार थोडा आहे. आयोवा विद्यापीठानं २ फेब्रुवारी २०२५ रोजी केटलिन क्लार्कचा २२ क्रमांक निवृत्त केला, तेव्हा तिकिटं, दूरचित्रवाणी, राष्ट्रीय बातम्या असं सगळं होतं. ती त्याच राज्यातल्या डी मॉइनची मुलगी. कॉलेजच्या चार वर्षांत ३,९५१ गुण करून तिनं कॉलेज बास्केटबॉलच्या अव्वल विभागातला, पुरुष-महिला दोन्हींतला, सर्वकालीन विक्रम मोडला. त्या दिवशी तिच्या नंतरच्या पिढीच्या संघानं देशात चौथ्या क्रमांकावर असलेल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला ७६-६९ असं हरवलं आणि मग शर्ट चढला. हा थाट सोडून दिला तरी मूळ गोष्ट उरते. सामना चालू हंगामातला, प्रेक्षक खेळ कळणारे, आणि आजचा संघ समोर.

बास्केटबॉलचं मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं. आंतरमहाविद्यालयीन सामना यजमान कॉलेजच्या कोर्टावर असेल त्या दिवशी क्रीडा संचालकांनी जुनी गुणपत्रकं काढावीत. वीस वर्षांपूर्वी विद्यापीठ संघात निवड झालेल्या, आज शेती करणाऱ्या किंवा शाळेत शिकवणाऱ्या एखाद्या महिला खेळाडूला घरच्यांसह बोलावावं. तिच्या सामन्यांचे आकडे ध्वनिक्षेपकावरून वाचावेत आणि शर्ट आजच्या कर्णधाराच्या हातून द्यावा. पाहुण्यांची भाषणं सामना संपल्यावर ठेवावीत. जिमखान्यात नावांचा फळा आहेच. त्याच्या शेजारी तिचा क्रमांक असलेला शर्ट काचेत लावायला एक भिंत लागेल, आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं ते ठरवायला जुन्या खेळाडूंची एक समिती.